नातेवाइकांसाठी एकोवाचन: पहिले धडे

ज्यांच्या घरात कुणाच्या तरी हृदयाची झडप बदललेली आहे, हातात नुकताच टूडी एकोचा रिपोर्ट पडलाय, आपला नंबर एक्केचाळिसावा आहे आणि आत अजून सतरावा पेशंट बसलाय, त्यांच्यासाठी हे धडे आहेत. तेवढ्या वेळात रिपोर्ट आपणच वाचून टाकावा असा मोह होतो. होऊ द्या. तुम्ही नाही वाचला तरी शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मान लांब करून वाचणारच आहे.

माझी पात्रता आधी सांगतो. मी बी. कॉम. आहे. २०१६ साली माझ्या आईची मायट्रल झडप बदलली. तेव्हापासूनचे तिचे सगळे रिपोर्ट मी वाचले आहेत आणि त्यांतले निम्मे चुकीचे वाचले आहेत. एवढा अनुभव सहसा कुणी फुकट देत नाही.

लागणारं साहित्य: जुन्या रिपोर्टांची फाईल, चाळिशीचा चष्मा आणि एक मामा. घरचा मामा नसेल तर सोसायटीतले निवृत्त काका चालतील. अट एवढीच, की कुठलाही विषय निघाला की त्यांना ‘थांब, मी सांगतो’ म्हणता आलं पाहिजे. आमचे मामा कृष्णाकाठचे ऊसवाले. विहिरीवरच्या मोटारी, पाइपलाइनी आणि फूटव्हॉल्व्ह यांत त्यांची हयात गेली. आईला व्हॉल्व्हचा आजार आहे म्हटल्यावर ते पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘फूटव्हॉल्व्ह गळाला की पाणी उतरतं नि मोटर नुसती फिरते. अक्काचं तेच झालंय.’ अक्काचं तेच झालं नव्हतं. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात झडपेची पानं आजारली आणि पुढच्या वर्षांत एकमेकांना चिकटत गेली. झडप गळण्यापेक्षा अरुंद जास्त झाली होती. पण ‘जाळीत शेवाळ अडकलं म्हण की’ एवढं सांगितल्यावर मामांना ते कुणाही सुशिक्षितापेक्षा लवकर कळलं.

पहिला धडा गल्लीसाठी आहे: ही बायपास नव्हे. बायपासमध्ये तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळणरस्ता काढतात. इथे दोन खोल्यांमधलं दार बदललेलं असतं. आमच्या गल्लीत मात्र छाती उघडली की ती बायपासच. दोन वर्षं मी समजावलं. आता आईच विचारणाऱ्याला सांगते, ‘बायपास बरी आहे माझी.’

आता रिपोर्ट. पहिली ओळ ‘एस/पी एमव्हीआर’. मामांनी विचारलं, ‘एसपीसाहेबांची सही कशाला लागते?’ एस/पी म्हणजे अमुक ऑपरेशन झाल्यानंतरची स्थिती, आणि एमव्हीआर म्हणजे मायट्रल व्हॉल्व्ह बदलला. शेवटची ओळ ‘नो क्लॉट/व्हेज/पीई’. ही आत्याने वाचली. ‘बघा, व्हेज नको लिहिलंय! मी तरी सांगत होते, पालेभाजी बंद करा.’ आत्याचं पाव हिस्सा बरोबर होतं. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या विरुद्ध काम करतं हे खरं. पण डॉक्टर भाजी बंद करायला सांगत नाहीत, रोज साधारण सारखी खा म्हणतात. एक आठवडा नुसती मेथी आणि पुढचा आठवडा नुसता बटाटा, हे चालत नाही. रिपोर्टातलं ‘व्हेज’ मात्र वेगळं. ते व्हेजिटेशन, म्हणजे जंतुसंसर्ग झाला की झडपेवर धरणारे गुच्छ. क्लॉट म्हणजे गुठळी आणि पीई म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत साठलेलं पाणी. तिन्ही नाहीत, असं ती ओळ म्हणते. अख्ख्या रिपोर्टात इतकी चांगली ओळ दुसरी नाही, आणि आमच्याकडे तिच्यावरून भाजीचं भांडण झालं.

कर्णिका-जवनिका हे शब्द आठवत असतील तर तुमचं वय कळलं. आमच्या पुस्तकात ते होते. माझ्या मुलीच्या पुस्तकात अलिंद आणि निलय आहेत. रिपोर्टात एलए आणि एलव्ही. डावीकडची वरची खोली एलए, खालची एलव्ही. मायट्रल झडप ह्या दोघींमधलं दार. वरच्या खोलीतून खालच्या खोलीत रक्त जाऊ द्यायचं आणि खालची खोली आवळली की दार घट्ट लावून घ्यायचं, दिवसाला एक लाख वेळा. ह्यापुढे तुम्हाला स्वयंपाकघराचं दार करकरतं अशी तक्रार करताना लाज वाटावी.

तपासणीच्या खोलीत आत जाऊ दिलं तर पडद्यावर लाल-निळं काहीतरी उसळताना दिसेल. शाळेत शिकलेलं इथे कृपा करून विसरा. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असं नाही. छातीवर टेकवलेल्या त्या गार जेलच्या बटणाकडे येणारं रक्त मशीन लाल दाखवतं, दूर जाणारं निळं. आईच्या झडपेशी निळं बघून मी डॉक्टरांना हळूच विचारलं होतं, ‘अशुद्ध रक्त इकडे कसं आलं?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, ‘डाव्या कुशीवर वळा.’ काळजीचं बघायचंच असेल तर रांगोळी बघावी. लाल, निळं, पिवळं, हिरवं असं सगळं एका ठिकाणी मिसळून ठिणग्यांसारखं उडत असेल, तर तिथे रक्त वेगानं आणि गोंधळानं चाललंय. मात्र कृत्रिम झडपेशी थोडी रांगोळी असतेच, तेव्हा लगेच खुर्चीवरून उठू नका.

हा रंग ज्याच्या नावाने येतो, त्या डॉप्लरला हृदयाशी काही देणंघेणं नव्हतं. १८४२ साली तो आकाशातल्या ताऱ्यांच्या रंगांचा विचार करत होता. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये उट्रेख्तजवळ बाइज बालोट नावाच्या शास्त्रज्ञाने आगगाडीवर तुतारीवाले बसवले, फलाटावर सुरांची जाण असलेले वादक उभे केले, आणि गाडी येताना सूर चढतो व जाताना उतरतो हे डॉप्लरचं म्हणणं कानांनी पडताळून घेतलं. मिरज जंक्शनच्या आसपास राहणाऱ्याला हे सिद्ध करून दाखवायची गरज नाही. रात्रीची गाडी शिट्टी वाजवत गेली की झोपेतही कळतं, आली की गेली. आणि एकोचं मशीन? ते आलं गोदीतून. जहाजांच्या लोखंडातल्या चिरा शोधायचं यंत्र १९५३ साली स्वीडनच्या लुंडमध्ये एडलर हा डॉक्टर आणि हर्ट्झ हा भौतिकशास्त्रज्ञ, दोघांनी माल्मोच्या गोदीतून मागून आणलं आणि माणसाच्या छातीवर लावलं. एडलरला बघायची होती ती नेमकी मायट्रल झडपच, ऑपरेशनच्या आधी ती किती अरुंद झालीय हे कळावं म्हणून. मामांना ही गोष्ट फार आवडली. दुसऱ्याचं यंत्र मागून आणायचं आणि भलत्याच कामाला लावायचं, ही त्यांचीच पद्धत.

ईएफ. इथे थांबू, कारण सगळे नातेवाईक इथेच थांबतात. रिपोर्टात हा आकडा टक्क्यांत असतो आणि मराठी माणसाला टक्के दिसले की तो निकाल वाटतो. आईची ईएफ आली ५५. मामा म्हणाले, ‘सेकंड क्लास.’ धाकटा भाऊ म्हणाला, ‘पुढच्या वेळी सुधारेल.’ ईएफ म्हणजे खालची डावी खोली दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकते ते. ५५ म्हणजे उत्तम. ह्या परीक्षेत सत्तरच्या वर फारसं कुणी जात नाही आणि शंभर तर कुणालाच मिळत नाहीत. मिळाले तर ते हृदय कोरडं पडलं म्हणायचं. उलट शाळेत ३५ ला पास करतात, आणि एकोत ३५ आले तर डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतात. झडप गळत होती म्हणून बदलली असेल, तर ऑपरेशननंतर ईएफ थोडी उतरलेलीही दिसते. आधी निम्मं रक्त सोप्या वाटेने मागे जात होतं, तेही बाहेर टाकल्यात जमा होत होतं. आता सगळं पुढच्या चढावर न्यावं लागतं. हे मी मामांना तीनदा सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले. त्यांच्या ‘हं’चा अर्थ मला माहीत आहे.

‘पॅराडॉक्सिकल सेप्टल मोशन’ ह्या शब्दांवर एक रात्र माझी झोप गेली. दोन खोल्यांमधली भिंत उलटी हलते असा त्याचा अर्थ. छाती उघडून झालेल्या ऑपरेशननंतर हे सर्रास दिसतं आणि त्याला बहुतेक वेळा काही अर्थ नसतो. तुम्ही झोपा.

‘एलए डायलेटेड’, वरची खोली मोठी झालीय, हेही दरवेळी लिहून येईल. दार वर्षानुवर्षं अरुंद असलं की मागे तुंबून खोली फुगते, आणि दार बदललं म्हणून ती लगेच पहिल्यासारखी होत नाही. आमच्या गावभागातल्या भिंतींवर पुराच्या रेघा आहेत. पाणी कधीच गेलं, रेघ आहे. एलए ही तशी रेघ समजा.

आता खरा अभ्यासक्रम. ‘प्रॉस्थेटिक व्हॉल्व्ह वेल सीटेड’ म्हणजे झडप आपल्या जागी नीट बसलीय, डुगडुगत नाही. हे वाक्य वाचलं की एक घोट पाणी प्यावं. पुढे ‘नो पॅराव्हॉल्व्ह्युलर लीक’. कुकर आठवा. शिट्टीतून वाफ येते ती यायलाच हवी. पण झाकणाच्या कडेने, रिंगेजवळून फुसफुस झाली तर रिंग गेली. झडपेचंही तसंच आहे. तिच्याभोवती कापडाची कड असते, तीच टाके घालून हृदयाला शिवतात. ह्या कडेच्या बाहेरून रक्त मागे झिरपत असेल तर ते पॅराव्हॉल्व्ह्युलर. झडपेच्या आतून गळणं वेगळं, आणि आतून थोडं गळणं तर कारागिराने मुद्दाम ठेवलेलं असतं! दोन पाकळ्यांच्या यांत्रिक झडपेत बिजागरीपाशी रक्त साचलं तर गुठळी धरेल, म्हणून दार बंद असतानाही बारीक धारा मागे सुटतील आणि बिजागरी धुऊन निघेल अशी सोय आहे. त्यांना वॉशिंग जेट्स म्हणतात. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे गळकी झडप पैसे देऊन बसवली?’ मी म्हणालो, हो.

इथे एक अडचण आहे आणि तिला मराठीत म्हण तयार आहे: दिव्याखाली अंधार. आईच्या झडपेच्या पाकळ्या पायरोलिटिक कार्बनच्या. मुळात हा कार्बन अणुभट्टीतल्या इंधनाच्या कणांना लेप द्यायला बनवत होते. कुणाच्या तरी लक्षात आलं की ह्यावर रक्त सहजी गोठत नाही. पण अशी कडक झडप आवाजाच्या लाटा अडवते आणि तिच्या पलीकडे सावली पडते. छातीवरून बघताना मायट्रल झडपेच्या पलीकडे येते ती नेमकी एलए, म्हणजे गळती असली तर जिथे दिसायची ती खोली अंधारात. म्हणून शंका आली की डॉक्टर अन्ननलिकेतून नळी घालून मागच्या बाजूने बघतात. त्याला टीईई म्हणतात. आई त्याला ‘तो घशातला छळ’ म्हणते.

आणि मग ग्रेडियंट. अंगणात पाणी मारताना नळीच्या तोंडावर अंगठा धरलात की धार लांब जाते. वाट अरुंद, वेग जास्त. एको वेग मोजतो आणि वेगावरून दाराच्या अलीकडे-पलीकडे दाबात किती फरक आहे ते काढतो: मीटर-सेकंदातला वेग घ्या, त्याचा वर्ग करा, चाराने गुणा. एवढंच. बर्नोलीने १७३८ साली पुस्तकात मांडलेल्या तत्त्वाची ही हातावर मोजण्याइतकी सुटसुटीत केलेली आवृत्ती. वेग दीड असेल तर ९ मिलिमीटर पारा, दोन असेल तर १६. वेग नुसता अर्ध्या मीटरने वाढला आणि दाब जवळजवळ दुप्पट झाला, हे वर्गाचं गणित नातेवाइकांना नेहमी फसवतं. भरण्याच्या पूर्ण वेळात धरलेली सरासरी म्हणजे मीन ग्रेडियंट. मायट्रल जागी बसवलेल्या झडपेला ही सरासरी पाचपर्यंत असेल तर शांत राहावं, दहाच्या पुढे गेली तर डॉक्टर शांत राहत नाहीत, आणि मधल्या आकड्यांत काय करायचं हे बाकीचा रिपोर्ट सांगतो.

वेटिंग हॉलमध्ये आकडे कुणाशीही जुळवू नका. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘तुमचा ग्रेडियंट किती?’ आई म्हणाली चार. ‘अगंबाई, आमच्या ह्यांचा अठरा!’ आणि त्या रडायला लागल्या. त्यांच्या यजमानांची महाधमनीची, एऑर्टिक झडप बदललेली होती. तिथे विसाच्या आत म्हणजे ठीकच, कारण तिथून रक्त सगळ्या अंगाला जोराने जायचं असतं. त्यात झडप लहान मापाची आणि माणूस आडदांड असेल तर ती निरोगी असूनही आकडा चढा दाखवते. सहा नंबरच्या पायाला पाच नंबरची चप्पल. रहिमतुला नावाच्या हृदयतज्ज्ञांनी १९७८ साली ह्या न जुळण्याला नाव दिलं. बाईंना मी हे सगळं समजावलं. माझं वाचन बरोबर ठरल्याचे जे थोडे प्रसंग आहेत, त्यांतला हा एक.

ऑपरेशनच्या वेळी वॉर्डात आईच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला चित्रा झडप बसवली होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत वलियाथन यांच्या हाताखाली घडलेली, १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवलेली. तिच्यात एकच चकती असते आणि ती प्लॅस्टिकची, त्यामुळे आवाज सौम्य. आईची कार्बनची. रात्री सगळं शांत झालं की ऐकू येते: टिक, टिक, टिक. पहिल्या आठवड्यात आम्ही भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं, दोघांचा ताल जुळेना म्हणून. माझी मुलगी आजीच्या छातीला कान लावून झोपायची.

फाईलमधला सर्वांत मौल्यवान कागद कुठला? ताजा नव्हे. ऑपरेशननंतर दीड ते तीन महिन्यांत काढलेला पहिला एको. ती झडपेची कुंडली. त्या वेळी गुठळी नाही, संसर्ग नाही, जखम भरलेली. तेव्हा ह्या झडपेचे ह्या शरीरातले आकडे काय होते, ते तिथे लिहिलंय. पुढचा प्रत्येक रिपोर्ट आधी त्याच्याशी जुळवायचा, मग पुस्तकातल्या आकड्यांशी. सोबत झडपेचं मॉडेल आणि माप लिहिलेलं कार्ड ठेवा. आईचं माप २७, कुंडलीत मीन ग्रेडियंट ४, ठोके ७२.

ठोके का लिहिले? २०१८ साली ग्रेडियंट ९ आला म्हणून. घरी रडारड. मामा म्हणाले, झडप चोक झाली. भावाने पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर काढला. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, तारीख बघितली आणि आईला विचारलं, ‘सकाळी काय खाल्लं?’ चतुर्थीचा उपास होता. लिफ्ट बंद, तिसरा मजला, नंबर जाईल म्हणून मी तिला भरभर चढवलेलं. रिपोर्टाच्या कोपऱ्यात ठोके लिहिले होते ११२. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ आटतो, तेवढंच रक्त कमी वेळात त्याच दारातून जायचं तर वेग वाढणारच. एकादशीची पंढरपूरची गर्दी आणि दार तेवढंच. त्यांनी आईला तासभर बसवलं, चहा पाजला, पुन्हा बघितलं. ठोके ७८, ग्रेडियंट ५. त्या दिवसापासून मी आधी कोपरा वाचतो. तुम्हीही वाचा, आणि नाडी अनियमित असेल तर एका ठोक्यावर भरवसा ठेवू नका. चांगला तपासनीस पाच-सहा ठोक्यांची सरासरी घेतो.

इतकं शिकल्यावर माणूस स्वतःला तयार समजायला लागतो. मी समजायला लागलो होतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आईला होडीत बसवलं आणि मी फाईल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आलो. लोकांनी दागिने काढले, मी तीन वर्षांचे एको काढले. विश्रामबागला आत्याकडे पोचल्यावर कळलं, गोळ्यांचा डबा फ्रिजवर राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. रक्त पातळ ठेवायची ती गोळी मिळाली. रोज रात्री एक, मला तोंडपाठ. आईने रोज रात्री एक घेतली.

घरची गोळी ३ मिलिग्रॅमची होती. दुकानातली १ ची. ग्रेडियंटचा दशांश वाचणारा मी, पट्टीवरचा आकडा वाचला नाही. रक्त किती पातळ आहे ते सांगणारी महिन्याची आयएनआर तपासणी पुराच्या चिखलात राहून गेली. मायट्रल जागी यांत्रिक झडप असेल तर आयएनआर अडीच ते साडेतीनमध्ये ठेवतात.

तिसऱ्या आठवड्यात घर धुऊन परत आलो. एका रात्री आई म्हणाली, ‘आवाज दबका येतोय रे. टिक नाही, ठक्‌ येतंय.’ मी फाईल काढली. जूनचा एको: वेल सीटेड, मीन ४, नो क्लॉट. तिला वाचून दाखवला. ‘बघ, व्यवस्थित आहे.’ ती म्हणाली, ‘ते जूनचं.’ घरात ओल आहे, भिंतींमुळे आवाज वेगळा येत असेल, असं मी म्हणालो. मला ते पटलंही. दोन दिवसांनी ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली आणि उठेना.

पुढचं वाचन डॉक्टरांचं, माझं नव्हे. ठोके ९६, मीन ग्रेडियंट १५. प्रेशर हाफ टाइम २३०. दाब निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते हे, मिलिसेकंदांत, १३० च्या आत असावं. मोरीचं पाणी लवकर ओसरत नसेल तर जाळीत काहीतरी अडकलंय, तसं. मग क्ष-किरणांच्या पडद्यावर झडप बघितली. तिथे पाकळ्या दोन बारीक रेघांसारख्या दिसतात. एक रेघ उघडत होती, मिटत होती. दुसरी हलत नव्हती. घशातल्या छळात गुठळीही दिसली. मी विचारलं, आतून ऊतक वाढून झडप अडते म्हणतात, ते तर नसेल ना. ते म्हणाले, ते वर्षानुवर्षं हळूहळू चढतं आणि त्यात आयएनआर बरा असू शकतो. इथे जूनला चार होता, ऑगस्टअखेर पंधरा. ‘आयएनआर किती?’ १.३. मी खिशातून पट्टी काढून दाखवली. ते काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

गुठळी विरघळवायचं औषध सलाइनमधून हळूहळू देतात. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो, कुठेतरी रक्तस्राव होऊ शकतो. नाहीतर पुन्हा छाती उघडायची. हे सगळं छापलेल्या कागदावर मी सही केली. रात्रभर आयसीयूच्या बाहेर बसलो. मांडीवर फाईल होती. आत न्यायला कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत सोडलं. आईने मला जवळ बोलावलं, तोंड कानाशी नेलं. मला वाटलं पाणी हवंय. म्हणाली, ‘पहाटेपासून वाजायला लागलंय.’ संध्याकाळी पडद्यावर दोन्ही रेघा हलल्या. मीन ग्रेडियंट ५, ठोके ८०.

बाहेर येऊन मामांना फोन लावला. गुठळी विरघळली, पाकळी सुटली, आई बोलतेय, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘ते झालं. ईएफ किती आली?’

‘पंचावन्न.’

‘म्हणजे तिथल्या तिथंच,’ मामा म्हणाले.